ओरिजिनल सांगून दाराला रोलमधलं रबर चिकटवलं

माझ्या फोर बाय फोरच्या ड्रायव्हर साइडच्या दाराचं रबर पार गेलं होतं, कोपऱ्यात फाटलेलं आणि बाकी दबून दबून चपटं, कच्च्या रस्त्यावरून आलं की सीटवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. गॅरेजवाल्याने कंपनीचं खोकं दाखवलं, पार्ट नंबर वाचून दाखवला, म्हणाला गाडी ठेवून जा, संध्याकाळी या. मी गेलो, तिथेच माती खाल्ली.

संध्याकाळी दार आधीपेक्षाही हलकं लागत होतं. खरंतर नवीन रबर टाकलं की सुरुवातीला दार जोरात ढकलावं लागतं, तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मी खुशीत पैसे देऊन मोकळा. जुनं रबर मागितलं तर म्हणे भंगारात गेलं साहेब.

पहिल्याच पावसात पाय ओले. मॅट उचललं तर खालचं कार्पेट गच्च भिजलेलं. बघतो तर रबराचा जोड बरोब्बर वर, काचेच्या डोक्यावर, आणि दोन टोकांत फट. अरे बाबा जोड खाली उंबऱ्याकडे घेतात, पाणी वरून येतं ना! जरा ओढलं तर वीतभर रबर हातात आलं कारण आत पत्र्याची कड धरणारी धातूची पट्टीच नाही, नुसतं बॉन्डवर चिकटवलेलं. ओरिजिनलला ती पट्टी असते आणि वर पोकळ, मऊ ईपीडीएम नावाच्या रबराचा फुगा असतो, दाबून सोडला की लगेच वर येतो. ह्याच्यावर नख दाबलं तर खळगा तसाच.

पण खरी चीड पुढेच आली. हे जाड रबर लावल्यावर दार लागेना म्हणून पठ्ठ्याने खांबावरचा स्ट्रायकरच, म्हणजे दाराचं लॉक जिथे अडकतं तो हूक, बाहेर सरकवून ठेवला होता, जुन्या जागेची खूण शेजारी पेंटवर स्वच्छ दिसत होती. म्हणून दार हलकं लागत होतं! दाराची मागची कड बॉडीच्या बाहेर आलीय हे मला इतके दिवस दिसलंच नाही. कागदाची पट्टी दारात धरून दार लावलं आणि ओढली, वरच्या मागच्या कोपऱ्यात अलगद सुटून आली, म्हणजे तिथे रबर टेकतच नव्हतं.

जाब विचारला तर म्हणे सेट व्हायला वेळ लागतो, थोडं ग्रीस मारा. साध्या ग्रीसने ईपीडीएम फुगून खराब होतं, लावायचंच तर सिलिकॉनवालं लावतात, हे रोज गाड्या उघडणाऱ्याला मी सांगायचं का?

शेवटी पॅसेंजर साइडच्या रबराशी ताडून स्वतः नवीन आणलं. जुना बॉन्ड खरवडण्यातच एक अख्खी दुपार गेली, खाली गंज धरायला लागला होता तोही घासला, मग रबर अजिबात न ताणता हाताने दाबत बसवलं आणि स्ट्रायकर जुन्या खुणेवर आणला. आता बायको ओरडते, दार किती आपटतोस म्हणून.