पोर्टेबल हार्डडिस्कला वीज कुठून द्यायची: थेट पोर्ट, दोन तोंडांची केबल की अ‍ॅडॉप्टरवाला हब?

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे लग्नांच्या तिथी दाटीने येतात आणि जळगाव-धुळ्याकडच्या फोटो स्टुडिओंत हार्डडिस्क पुरत नाहीत. फोर-केमध्ये दोन-तीन कॅमेरे लावलेलं एक लग्न शेकडो जीबी खाऊन जातं. अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ करणाऱ्या पोरांचंही तेच रडगाणं. मग नवी डिस्क येते, टेबलावरच्या जुन्या पीसीला लागते आणि ‘टक्... टक्...’ करत बसते. कुणीतरी सांगतं, पीस खराब निघाला. दर वेळी तसं नसतं. पुष्कळदा तिला वीज पुरत नसते, एवढंच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बऱ्यापैकी नवा लॅपटॉप आणि एखादीच डिस्क असेल तर थेट पोर्टला लावा, काही विकत घेऊ नका. दोन-तीन डिस्क दिवसभर लागून राहत असतील तर अ‍ॅडॉप्टरवाला हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) घ्या, पण त्याचं अ‍ॅडॉप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर असेल तरच. दोन तोंडांची केबल म्हणजे जुन्या मशीनवरचा जुगाड. चालतो, पण त्याच्या भरवशावर सीझन काढू नये.

आता कारण. यूएसबी 2.0 च्या पोर्टकडून 5 व्होल्टवर 500 मिलिअँपिअर मिळावेत असा नियम आहे, म्हणजे अडीच वॅट. 3.0 च्या पोर्टला हीच मर्यादा 900 मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॅट. टाइप-सी पोर्ट 5 व्होल्टवर दीड किंवा तीन अँपिअरपर्यंत देऊ शकतो, पण प्रत्येक टाइप-सी देतोच असं नाही. दुसरीकडे, अडीच इंची डिस्कच्या लेबलवर साधारण 5 व्होल्ट आणि एक अँपिअरच्या आसपासचा आकडा असतो. हा आकडा मुख्यतः पहिल्या काही सेकंदांसाठी. थांबलेल्या तबकड्यांना पूर्ण वेग गाठायचा असतो तेव्हा मोटर सगळ्यात जास्त करंट ओढते. एकदा फिरायला लागली की निम्म्याच्या आसपास भागतं. करंट अपुरा पडला की मोटर वेग घेता घेता अडखळते, व्होल्टेज खाली बसतं, डिस्क बंद होऊन परत सुरू व्हायला बघते. तीच ती टकटक.

एक इशारा मात्र इथेच. खरोखर बिघडलेली डिस्कही असाच आवाज करते. म्हणून सोबत आलेल्या आखूड केबलने ती दुसऱ्या, नव्या मशीनला लावून बघा. तिथे मुकाट चालली तर दोष विजेचा. तिथेही टकटकली तर ‘अजून एकदा बघू’ करू नका, डेटा कसा वाचवायचा ते बघा.

थेट पोर्टच्या बाबतीत सगळे पोर्ट सारखे नसतात, हे लोक विसरतात. पीसीच्या कॅबिनेटचे पुढचे पोर्ट आतल्या एका बारीक केबलने मदरबोर्डला जोडलेले असतात. मागचे थेट मदरबोर्डवर असतात. वाकायचा कंटाळा म्हणून डिस्क पुढे लावली आणि वर दीड मीटरची स्वस्त केबल वापरली, तर पाच व्होल्टमधले काही वाटेतच गळतात. मागचा पोर्ट आणि आखूड, जाड केबल, या दोन गोष्टींनीच बरीच दुखणी फुकटात बरी होतात. पोर्टचा रंग निळा असेल तर तो बहुधा 3.0, पण काही कंपन्या तो काळाच ठेवतात. शेजारी ‘एसएस’ची (सुपरस्पीड) खूण आहे का बघा. कित्येक बोर्ड नियमापेक्षा जास्त करंटही देतात, म्हणून एकच डिस्क एकाच्या जुन्या पीसीवर चालते आणि दुसऱ्याच्या चालत नाही. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कपुढे दिसणाऱ्या मिलिअँपिअरच्या आकड्यावरही जाऊ नका. तो डिस्कने मागितलेला आकडा असतो, ती प्रत्यक्षात ओढते तो नव्हे.

दोन तोंडांची केबल, म्हणजे वाय-केबल, जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा ऑनलाइन थोडक्या पैशांत मिळते. एका तोंडातून डेटा आणि वीज, दुसऱ्यातून नुसती वीज. दोन्ही तोंडं एकाच मशीनच्या दोन पोर्टना लावायची, आधी विजेचं, मग डेटाचं. यूएसबीच्या नियमावलीत ही केबल बसत नाही, तरी 2.0 चे पोर्ट असलेल्या जुन्या पीसीवर किंवा टीव्हीवर ती काम भागवते. दुसरं तोंड मोबाइलच्या चार्जरला लावणारेही बघितलेत. दोन वेगळ्या ठिकाणची वीज एकाच डिस्कमध्ये एकत्र येते, ती उलटी पोर्टकडे ढकलली जाण्याचा धोका राहतो. मी तरी कुणाला तसं करा म्हणणार नाही.

हबमध्ये फसगत जास्त. अ‍ॅडॉप्टर नसलेला हब नवी वीज आणत नाही, आहे तीच वाटतो. 2.0 चा असा हब नियमाने एका पोर्टला जेमतेम 100 मिलिअँपिअर देणार. पेनड्राइव्ह किंवा माउस ठीक, हार्डडिस्क नाही. अ‍ॅडॉप्टरवाला घेतानाही अ‍ॅडॉप्टरवरचा आकडा वाचा. सात पोर्टचा हब आणि सोबत 5 व्होल्ट 2 अँपिअरचं अ‍ॅडॉप्टर, यावर सात डिस्क कशा फिरतील? दोन नीट चालतील, तिसरीला आशा धरू नका. याउलट, ‘अ‍ॅडॉप्टर जास्त अँपिअरचं आहे, डिस्क जळेल’ ही भीती फुकाची. व्होल्टेज पाचच असेल तर डिस्क हवा तेवढाच करंट घेते.

पण आपल्याकडे खरा प्रश्न वेगळाच असतो. लाइट जाते. लॅपटॉपला थेट लावलेल्या डिस्कला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण खाली बॅटरी आहे. हबला लावलेली डिस्क मात्र त्याच क्षणी लॅपटॉपच्या एका पोर्टवर येते किंवा सरळ बंद पडते, आणि कॉपी चालू असेल तर फाइल अर्धवट राहते, कधी सगळं पार्टिशनच उघडेनासं होतं. लोडशेडिंगचं वेळापत्रक ठरलेलं असतं, फॉल्टचं नसतं. साडेतीन इंची मोठ्या डिस्कचंही हेच. तिला 12 व्होल्ट लागतात, यूएसबीचा साधा पोर्ट तिला चालवूच शकत नाही, म्हणून तिचं वेगळं अ‍ॅडॉप्टर येतं. जागेच्या हिशेबात ती स्वस्त पडते आणि स्टुडिओत एका जागी ठेवून जुनी लग्नं साठवायला उत्तम, पण यूपीएसशिवाय नको.

एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, घ्यावी का, असं विचारतात. तिच्यात मोटर नाही, त्यामुळे सुरुवातीचा तो झटका नाही. चोपड्याहून शिरपूरला मोटारसायकलच्या डिकीत आदळत गेली तरी तबकडी खरवडण्याची भीती नाही. फिरतीवरच्या कॅमेरामनने हीच घ्यावी. मात्र जास्त वेगाच्या काही एसएसडी सलग लिहिताना साडेचार वॅटच्याही वर जातात, तेव्हा जुना पोर्ट त्यांनाही अपुरा पडतो. शिवाय त्याच जागेला पैसे बरेच जास्त. वर्षानुवर्षं कपाटात ठेवायच्या मालाला मी अजून फिरती डिस्कच घेतो.

आणि उन्हाळा. कित्येक पोर्टेबल डिस्कच्या कागदावर वापराचं तापमान 35 अंशांपर्यंतच लिहिलेलं असतं. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळिशीला टेकतो, पत्र्याखालच्या खोलीत दुपारी काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. मोठी कॉपी रात्री किंवा पहाटे लावा. डिस्क लॅपटॉपच्या गरम हवेच्या झरोक्याशी किंवा गादीवर ठेवू नका, पंख्याखाली मोकळ्या टेबलावर ठेवा. कूलरच्या थेट झोतातही नको, त्यात ओल असते.