नौपाड्यातून भाड्याने घेतलेले कपडे आणि अंटार्क्टिका : पाचपैकी तीन स्टार

आधीच सांगते, दुकान वाईट नाही. मनाली, काश्मीर, युरोपवाल्यांनी डोळे झाकून जा. पण आम्ही दोघी बहिणी जानेवारीत अंटार्क्टिकाच्या क्रूझला जाऊन आलो आणि त्यासाठी या दुकानातून काय घ्यावं काय घेऊ नये हे कोणीतरी आधी सांगितलं असतं तर माझे निदान पाच हजार वाचले असते, म्हणून हे लिहितेय.

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर दुकान आहे, जिना अरुंद, गुडघेवाल्यांनी जपून. मी ऑक्टोबरमध्येच गेले कारण डिसेंबरात हिमाचलवाल्यांची झुंबड असते आणि एल साइज मिळत नाही. ट्रायल रूम म्हणजे एक पडदा आणि एक पंखा, बाहेर ऑक्टोबर हीट, आत मी जाडजूड जॅकेटमध्ये, घामाच्या धारा. दुकानाचे दादा मात्र फार गोड माणूस, "काकू पाणी घ्या, काकू बसा जरा" चालूच. कुठे चाललात विचारलं, मी अंटार्क्टिका म्हटलं तर त्यांनी लगेच मोबाईल काढून तापमान शोधलं आणि मला दाखवलं, उणे ८९.२! म्हणे काकू तुम्हाला सगळ्यात वरचं जॅकेट लागणार. आता हा आकडा खरा आहे, पण तो रशियनांच्या व्होस्तोक स्टेशनचा, १९८३ च्या जुलैतला, म्हणजे तिथला ऐन हिवाळा आणि खंडाच्या पार आत. आपली जहाजं जातात ती द्वीपकल्पाच्या किनाऱ्याला, तेही नोव्हेंबर ते मार्च, तिथल्या उन्हाळ्यात. आम्हाला पारा शून्याच्या आसपासच मिळाला, कधी दोन वर कधी तीनचार खाली. वारा सुटला की बोचतो तो भाग वेगळा. पण त्या दिवशी मी ८९ ऐकून गार झाले आणि जॅकेट, स्नो बूट, वॉटरप्रूफ पॅन्ट तिन्ही घेऊन टाकलं.

भाडं दिवसावर. जॅकेट १५०, पॅन्ट १२०, बूट १००, म्हणजे रोजचे ३७०. आमची ट्रिप दारापासून दारापर्यंत २० दिवसांची. ब्युनोस आयर्सपर्यंतचा प्रवासच एवढा लांबलचक, तिथून पुढे अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआयाचं विमान, मग जहाज. तर ७,४०० रुपये झाले, त्यातले निम्मे दिवस कपडे नुसते बॅगेत झोपलेले. मनालीच्या पाच दिवसांना हा हिशोब ठीक आहे, इथे नाही. दादांना म्हटलं काहीतरी पॅकेज द्या, तर शंभर कमी केले!

आणि मुख्य गंमत पुढेच. जहाजावर चढलो तर केबिनमध्ये पलंगावर दोन लालभडक पार्का, म्हणजे टोपीवाली जाड जॅकेटं, ठेवलेले, कंपनीकडून भेट, घरी न्यायचे. आणि खाली एका खोलीत गुडघ्यापर्यंतचे गमबूट मापाप्रमाणे काढून ठेवलेले, ट्रिपभर वापरा आणि परत द्या. म्हणजे माझं जॅकेट आणि अडीच किलोचे स्नो बूट दोन्ही बाद. टूरवाल्यांच्या पीडीएफमध्ये हे लिहिलेलं होतं, पान नंबर ११, मी वाचलं नव्हतं, ती माझी चूक. पण जे दुकान पाटीवर एक्सपिडिशन गिअर लिहितं त्याने "जहाज काय काय देतंय ते विचारलंत का" एवढा एक प्रश्न विचारायला हवा की नको? सगळीच जहाजं पार्का देत नाहीत, काही नुसता वापरायला देतात, काही काहीच देत नाहीत, तेव्हा आधी ईमेल करून विचारा आणि मगच जिना चढा. आणि स्नो बूट तसेही कामाचे नव्हते, कारण किनाऱ्यावर उतरताना बरेचदा झोडियाकमधून, म्हणजे त्या रबरी बोटीतून, थेट पाण्यात पाय टाकावा लागतो.

आता पॅन्ट. ही एकच वस्तू खरोखर स्वतःची न्यायला हवी आणि नेमकी तिथेच माती खाल्ली. झोडियाकच्या कडेला त्या फुगीर नळीवर बसायचं असतं, बोट वेगात गेली की पाणी उडतं आणि ते सगळं बरोबर आपल्या बुडाखाली येऊन साचतं. पहिल्याच फेरीत मला मागून गार लागायला लागलं. पॅन्टवर वॉटरप्रूफ लिहिलंय, कापडावरून थेंब ओघळतातही, पण आत उलटी करून बघितली तर शिवणींवर टेपच नाही, पाणी टाक्याटाक्यातून आत. दुकानात घेताना पॅन्ट उलटी करा, शिवणीवर पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे, लेबलवर १०,००० मिमी (कापड पाण्याचा किती दाब झेलतं त्याचं माप) किंवा जास्त असेल तर उत्तम. आणि घरी आणल्यावर बाथरूममध्ये घालून ओल्या स्टुलावर दहा मिनिटं बसा. लोक हसतील, हसू दे. अशी पॅन्ट नवी चारेक हजारात येते, मी नुसत्या भाड्याचे २,४०० दिले.

मला वाचवलं ताईने. ताई नेरुळला राहते, ६४ वर्षांची आहे आणि अजून स्कूटर चालवते. तिने बॅगेत स्कूटरवरच्या रेनकोटची पॅन्ट टाकली होती, मी निघताना तिला वेड्यात काढलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी आत भाड्याची, वर ताईची निळी रेनकोटची पॅन्ट, कोरडी ठणठणीत! ग्लोव्हजचंही तेच. दुकानातून ६५० चे टचस्क्रीनवाले घेतले ते पहिल्या शिंतोड्यातच चिंब, आणि ओल्या ग्लोव्हजपेक्षा उघडा हात बरा अशी अवस्था. ताईने पातळ लोकरी हातमोज्यांवर भांडी घासायचे पिवळे रबरी ग्लोव्हज चढवले, मोठ्या साइजचे. एक जर्मन बाई तिचा फोटो काढून घेऊन गेली.

अजून एक, आणि याच्यावर मी दुकानाचा एक पूर्ण स्टार कापलाय. उतरायच्या आधी जहाजावर सगळ्यांचे बाहेरचे कपडे, बॅगा, ट्रायपॉड तपासतात, खिसे आणि वेल्क्रो व्हॅक्यूमने साफ करायला लावतात. का, तर बाहेरचं बी तिथे रुजू नये. आपल्या लॉनमध्ये उगवतं तसलं एक साधं गवत माणसांबरोबर जाऊन एका पोलिश स्टेशनजवळ १९८० च्या दशकात उगवलंय आणि ते काढता काढता शास्त्रज्ञांच्या नाकी नऊ आलेत. तर माझ्या भाड्याच्या पॅन्टच्या घोट्याजवळच्या वेल्क्रोत निघाली कुसळं! एकदोन नाही, चांगली पंधरावीस, आधीचा कोणीतरी गिऱ्हाईक कुठल्यातरी कुरणात लोळून आलेला असणार. मी चिमटा घेऊन पाऊण तास एकेक उपटत बसले, जहाज ड्रेक पॅसेजमध्ये, म्हणजे वाटेतल्या त्या खवळलेल्या समुद्रात, हेलकावे खातंय, तोंडात आलेपाक, आणि समोर एक पोरगा टॉर्च धरून उभा, "वन मोअर, मॅडम". ताईच्या पॅन्टच्या काठाला पाम बीच रोडचा सुकलेला चिखल होता, तो तिने निमूट ब्रशने घासला. भाड्याने कपडे देता ना, मग धुताना वेल्क्रो उघडून बघत जा एवढंच म्हणणं.

चांगलं काय? थर्मल्स. ते भाड्याने नसतात, विकत, आणि दादांनी स्वतःहून कॉटन मिक्सवाले बाजूला ठेवून मेरिनो लोकरीचे दाखवले, म्हणाले कॉटन घाम धरून ठेवतं काकू, महाग आहेत पण हेच घ्या. शंभर टक्के बरोबर, दोन जोड पुरले. फ्लीसही मस्त. जास्त स्वेटर नेऊ नका, जहाजात हीटर असतो, लोक आत टीशर्टवर फिरतात, ताईचे तीन स्वेटर घडी न मोडता परत आले. दुकानात न मिळणाऱ्या पण लागणाऱ्या गोष्टी म्हणजे गडद गॉगल, सनस्क्रीन (बर्फावरून ऊन उलटं तोंडावर येतं, माझं नाक सोलपटलं) आणि झोपताना डोळ्यावर बांधायची पट्टी, कारण जानेवारीत रात्र अशी होतच नाही. बॅकपॅकमध्ये आत एक जाड कचऱ्याची पिशवी घातली की ड्राय बॅगचा, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीचा, खर्च वाचतो. कॅमेऱ्याची जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाला लागून, नाहीतर थंडीत पटकन उतरते.

राहता राहिलं डिपॉझिट. पहिल्यांदा किनाऱ्यावर उतरलो तेव्हाच मी जेंटू पेंग्विनांच्या वसाहतीजवळ घसरले. पेंग्विनपासून पाच मीटर लांब राहायचं असतं, शिवाय बर्ड फ्लूमुळे आता जमिनीवर बसायला, गुडघे टेकायला, बॅग ठेवायलाही मनाई, आणि मी आपली सरळ त्यांच्या गुलाबी शेणात बसकण मारलेली. क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, खातात म्हणून रंग गुलाबी. पॅन्ट जहाजावर घासली, ठाण्यात येऊन तीनदा धुतली, डेटॉलात भिजवली, वास गेला नाही. परत द्यायला गेले तर दादांनी पिशवी उघडली, मान मागे घेतली आणि म्हणाले, "काकू, मासळी बाजारात गेला होतात का?" मी म्हटलं, पेंग्विन. ते दोन मिनिटं पॅन्टकडेच बघत राहिले. ५,००० च्या डिपॉझिटमधले ३०० ड्रायक्लीनचे कापले, मी काही बोलले नाही. मग म्हणाले, फोटो असेल तर पाठवा ना काकू, दुकानात लावतो.