मुलाखतीचे हटके सल्ले: कोणते घ्यावेत, कोणते सोडावेत

मुलाखत तोंडावर आली की 'कंपनीची माहिती काढा, उत्तरांचा सराव करा' हे नेहमीचे सल्ले फिके वाटू लागतात आणि हटके सल्ल्यांची भुरळ पडते. निवड करण्याआधी एवढंच तपासा: त्या सल्ल्यानं तुमची तयारी सुधारणार आहे, की समोरच्यावर नुसती छाप पडणार आहे? छाप पाडणारे बहुतेक सल्ले मला धोक्याचे वाटतात.

आधी घबराटीचं बघू. नेहमीचा सल्ला 'शांत राहा'. त्याला दोन हटके पर्याय आहेत. एक 'पॉवर पोझ': आत जाण्याआधी हात कमरेवर ठेवून ताठ उभं राहायचं. यानं शरीरातली हार्मोन्स बदलतात, असा २०१० च्या मूळ प्रयोगाचा दावा होता. त्यात ४२ जण होते. २०१५ मध्ये २०० जणांवर तो पुन्हा झाला. लोकांना बळ आल्यासारखं वाटलं, पण हार्मोन्समध्ये फरक दिसला नाही. २०१६ मध्ये तर मूळ संशोधकांपैकी डेना कार्नी यांनीच या परिणामावर आपला विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं.

दुसरा पर्याय म्हणजे 'मी उत्साहात आहे' असं स्वतःशी मोठ्यानं म्हणणं. संशोधक ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत असं म्हणणाऱ्यांची भाषणं 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. धडधड थांबवणं अवघड असतं. तिला उत्साह मानणं त्या मानानं सोपं. इथे हटके सल्लाच घ्या.

'तुमची उणीव काय?' याला 'मी फार परफेक्शनिस्ट आहे' हे उत्तर मात्र सोडाच. मुलाखत घेणाऱ्यांना ते पाठ झालंय. खरी उणीव सांगा आणि ती भरून काढायला काय करताय तेही.

मुलाखत कशी होणार, यावरही बरंच ठरतं. सगळ्यांना तेच प्रश्न आणि प्रत्येक उत्तराला ठरलेले गुण, अशी पद्धत असेल तर चमकदार प्रवेशाला किंवा धाडसी वाक्याला गुणांचा रकानाच नसतो. आणि हीच पद्धत जास्त भरवशाची आहे: २०२२ च्या एका मोठ्या फेरआढाव्यात अशा मुलाखतींचा पुढच्या कामगिरीशी सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) ०.४२ निघाला, मोकळ्याढाकळ्या मुलाखतींचा ०.१९. तिथे नेहमीचीच तयारी हवी: प्रसंग काय होता, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केलंत, निष्पन्न काय झालं. मोकळ्या गप्पांत स्वभावाची छाप पडते खरी, पण तिथेही स्टंटपेक्षा स्वतः केलेल्या कामाचा एखादा नमुना दाखवणं मला कितीतरी उपयोगाचं वाटतं.

मुलाखत कोणत्या प्रकारची आहे, हे बोलावणं येतं तेव्हाच विचारून घ्या. असं विचारण्यात काहीच वावगं नाही.