पारगड की कणकुंबी? सायकलवरच्या एका रात्रीचा मुक्काम

बेळगावात सायकली दोन प्रकारच्या. एक रोज पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाकडे फिरणारी, आणि दुसरी 1 नोव्हेंबरच्या, सीमाप्रश्नाच्या काळ्या दिनाच्या फेरीपुरती माळ्यावरून खाली येणारी. दिवाळी संपली, हवा कोरडी झाली की दोन्हींच्या मालकांना एकच हुक्की येते: शनिवारी निघायचं, डोंगरात कुठंतरी रात्र काढायची, रविवारी परत. मग विचारणा सुरू होते. चर्चा फिरून फिरून दोन नावांवर येऊन थांबते: महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातला पारगड किल्ला, आणि खानापूर तालुक्यातलं गोव्याच्या रस्त्यावरचं कणकुंबी गाव. दोन्हीकडे गियरची सायकल घेऊन मुक्काम करून आलोय, म्हणून हे लिहितोय.

तिसरं नाव नेहमी निघतं ते खानापूरच्या रानातल्या भीमगड किल्ल्याचं. ते आधीच बाजूला ठेवू. 2011 च्या डिसेंबरात ते अभयारण्य झालं, 190 चौरस किलोमीटरचं. वनखात्याच्या परवानगीशिवाय आतल्या वाटांवर शिरता येत नाही, मग गडावर चादर पसरणं तर दूरच. आतल्या बारापेडे गुहांत रॉटनचं वटवाघूळ राहतं. जगात ते मोजक्याच ठिकाणी सापडतं, त्यामुळे खातं कडक आहे ते बरोबरच आहे. तिकडे जायचंच तर रीतसर बुकिंग करून निसर्ग शिबिरात राहा, सायकल घरी ठेवा.

आता उंचीचं. पहिल्यांदा जाणाऱ्याच्या डोक्यात घाट असतो. गड म्हटला की चढ, कणकुंबीच्या वाटेवरची जांबोटी म्हटलं की गोव्याकडे उतरणाऱ्या चोर्ला घाटाची वळणं. प्रत्यक्षात बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर आहे, पारगड 738 वर, आणि कणकुंबीला मलप्रभा उगम पावते ती जागा 792 वर. म्हणजे आपण घाटमाथ्यावरून निघून घाटमाथ्याच्याच काठावर जातो. एकच मोठा चढ कुठंच नाही. आहेत ते सतत खाली-वर होणारे लहान चढ, आणि पाय मोडतात ते तेच. प्रत्येक ओढ्यापाशी उतरायचं, पलीकडे पुन्हा चढायचं. संध्याकाळी हिशेब केला तर घाट चढून आल्याइतकं अंग दुखत असतं. दोन्ही वाटांना हे सारखंच लागू, त्यामुळे "कुठला रस्ता सोपा" या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. खरा फरक रस्ता संपल्यावर पडतो.

कणकुंबीचा रस्ता पिरनवाडी, किणये, रणकुंडये करत कुसमळीला मलप्रभा ओलांडतो आणि जांबोटीला चढतो. सगळं मिळून 50 किलोमीटरच्या आत-बाहेर. जांबोटीपर्यंत शेतं, पुढे रान. हा रस्ता गोव्याचा, हीच त्याची अडचण. शनिवार-रविवारी गोव्याला सुटलेल्या गाड्या वळणावर सायकलवाल्याला मोजत नाहीत, आणि भाजीच्या गाड्या पहाटेपासून पळत असतात. सकाळी आठच्या आत जांबोटी गाठली तर त्रास निम्मा होतो. कणकुंबीत माउलीचं आणि रामेश्वराचं देऊळ, मलप्रभेच्या उगमाचं कुंड, चहाची हॉटेलं, गोव्याहून येणाऱ्या गाड्या तपासणारा नाका. वस्ती नांदती आहे. देवळाच्या आवारात झोपायचं तर पुजाऱ्याला किंवा गावातल्या पंचांना विचारून, आणि जत्रेचे दिवस टाळून.

पारगडचा रस्ता हिंडलगा, सुळगा, बाची, शिनोळी असा वेंगुर्ल्याच्या वाटेनं जातो. शिनोळीला पाट्यांची भाषा बदलते आणि आपण चंदगड तालुक्यात असतो. पाटणे फाट्यापर्यंत गर्दी. तिथून मोटणवाडीच्या बाजूला वळलं की गाड्या विरळ होतात, काजूच्या बागा लागतात, आणि इसापुरानंतर रस्ता जवळजवळ आपलाच. अंतर साठीच्या घरात. मोठा रस्ता नको असेल तर बेळगुंदी-राकसकोपवरून तुडयेकडे निघणारी आतली वाट आहे. वेळ जास्त जातो, पण मोठ्या टायरांची सायकल घेतल्याचं सार्थक तिथंच होतं. नाहीतर दोन्ही मुख्य रस्ते डांबरीच आहेत, आणि डांबरावर जाड टायर म्हणजे नुसतं ओझं.

पारगड शिवाजी महाराजांनी वसवला. तानाजींचा मुलगा रायाजी मालुसरे तिथला पहिला किल्लेदार. गड जागता ठेवा, अशी महाराजांची आज्ञा होती असं तिथं सांगतात, आणि त्या घराण्यांचे वंशज आजही गडावर राहतात. मुक्कामाच्या दृष्टीनं ही गोष्ट तटाबुरुजांहून मोठी आहे. सह्याद्रीतल्या बहुतेक गडांवर रात्री वटवाघळं आणि आपण. इथं मात्र चूल पेटलेली असते, तळ्यात पाणी असतं, भवानीच्या देवळात पाठ टेकायला जागा मिळू शकते. गाडीरस्ता वर गेलाय, त्यामुळे सायकल खांद्यावर घेऊन पायऱ्या चढायची गरज नाही. हौस असेल तर चढा, मी एकदा चढलो, पुन्हा चढणार नाही.

मग निवड कशावर करायची? माझ्या मते एकाच गोष्टीवर: तुम्ही खात्रीनं किती वाजता पोचणार. आधी मलाही हे पटत नव्हतं. पहिल्या कणकुंबीच्या खेपेला मी सीटच्या दांड्याला आवळायचं कॅरिअर लावलं होतं. शॉकअपच्या सायकलीला साधं कॅरिअर बसवायला बहुधा भोकंच नसतात, म्हणून असलं घ्यावं लागतं. ते नऊ-दहा किलोच्या वर पेलत नाही, आणि मी त्यावर तंबू, स्टोव्ह, पाच लिटर पाणी असं अख्खं घर बांधलेलं. कुसमळीच्या अलीकडे ते घसरून टायरवर बसलं. सुतळी, दगड, एका शेतकऱ्याचा पाना, यात दोन तास गेले. कणकुंबीत शिरलो तेव्हा साडेसात वाजले होते. हॉटेलवाला म्हणाला, "काय ओ, एवढ्या रातच्याला कुठनं आलासा?" आणि चहा ठेवला. तिथं दिवे होते, माणसं होती, काम भागलं. तीच दोन तासांची चूक इसापुराच्या पुढे झाली असती तर? डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो. त्या पट्ट्यात गवे फिरतात, दांडेलीकडून आलेल्या हत्तींनी तिलारी-चंदगडच्या रानात कधीचं बस्तान बसवलंय. खानापूरच्या बाजूला अस्वलं आहेत. अंधारात सायकलचा आवाज होत नाही, हाच धोका. जनावराला आपण अगदी जवळ गेल्यावरच कळतो.

म्हणून एकटे असाल, पहिलीच खेप असेल, किंवा शनिवारी अर्धा दिवस काम उरकून निघणार असाल तर कणकुंबी. गडबड झाली तर मध्ये जांबोटी आहे, येणारी-जाणारी वाहनं आहेत, अगदीच मोडतोड झाली तर टेंपोत सायकल टाकून खानापूरला जाता येतं आणि तिथून रेल्वे आहे. दोघं-तिघं असाल, पहाटे पाचला निघायची तयारी असेल आणि दुपारी तीनपर्यंत गडावर पोचणार असाल तर पारगड, डोळे झाकून. रात्र म्हणून बघितलं तर दोन्हींची तुलनाच नाही. कणकुंबीत रात्री गाड्या वाजतात. पारगडावर खालच्या कोकणातले दिवे दिसतात आणि वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही.

पारगडला एक अडचण कणकुंबीपेक्षा जास्त: मध्ये राज्याची सीमा आहे. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की बस बंद होतात. सायकल कोणी अडवत नाही, खरं परतीला गाडी लागली तर पंचाईत. 1 नोव्हेंबरच्या आसपास किंवा काही आंदोलन पेटलेलं असताना तो बेत नको.

सामान दोन्हीकडे तेच. तंबू नको, छप्पर मिळतं. पातळ गोधडी आणि खाली अंथरायला काहीतरी पाहिजेच, कारण पहाटे पारा 14-15 पर्यंत उतरतो आणि फरशी गार असते. दोन ट्यूब, पंप, चेनचा जोड, ब्रेकचे पॅड. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड तोंडाचा असू द्या. बारीक तोंडाचा असेल तर गावातल्या पंक्चरवाल्याकडची हवा त्यात जात नाही. खायला कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, चार दिवस काही होत नाही. ओझं बांधून एकदा बेळगावजवळच्या राजहंसगडाचा शेवटचा चढ चढून बघा. तिथं कॅरिअर हललं तर निघायच्या आधीच कळेल, कुसमळीला कळण्यापेक्षा बरं.

पावसाळ्यात कुठंच नको. कणकुंबीकडचा पाऊस कर्नाटकातल्या सर्वांत जास्त पावसांपैकी, आणि जांभ्याची तांबडी माती ओली झाली की ब्रेक आणि चेन दोन्ही खाते. जळवा वेगळ्याच.

चोर्ल्याची किंवा तिलारी घाटाची उतरण बघून "जरा खाली जाऊन येऊ" असं कुणीतरी म्हणतंच. त्याला सकाळी म्हणू द्या, आदल्या संध्याकाळी नाही. उतरायला अर्धा तास लागतो, ओझ्यासकट परत चढायला अख्खी सकाळ जाते. पारगडला जाणार असाल तर दोन दिवस आधी कुणाकरवी तरी गडावर निरोप पोचवा, किती माणसं, जेवण लागणार का, आणि भाकऱ्या माणशी दोन जास्त सांगा.