मुंजीचं शूटिंग, नवी पेठ

नातवाच्या मुंजीचं शूटिंग आपल्या सोलापुरात नवी पेठेतल्या छोट्या स्टुडिओला दिलं होतं. मातृभोजन काय टिपलंय! घास भरवताना सुनेचा हात थरथरतो, तोही दिसतो. कानात गायत्री सांगताना मात्र स्टुडिओच्या त्या पोराने आपणहून कॅमेरा खाली ठेवला. तिथेच मला तो आवडला.

ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडचे योल्ङू हे आदिवासी लोकही विधीतलं गुप्त ते सर्वांपुढे आणत नाहीत. १९७६ साली त्यांच्यातल्या मराकुलू कुळाच्या प्रमुखाच्या सांगण्यावरून चित्रपटकार इयान डनलॉप यांनी गुर्कावुय या वस्तीत जुंगुवान हा विधी चित्रित केला. त्यात मुलांना दीक्षा मिळते, वावलक बहिणी या पूर्वजांची कथा नाचून-गाऊन सांगतात. पुढच्या पिढ्यांसाठी ते जपायचं होतं.

आमच्या व्हिडिओत भिक्षावळीवर घातलेलं सिनेमाचं गाणं मात्र खटकलं. सांगितल्यावर दोन दिवसांत सनई लावून दिली.