अर्बन डिक्शनरी: 'फिश'च्या गोतावळ्यात कितपत कामाची?

उपशीर्षकं, मीम किंवा मालिकांचे संवाद मराठीत आणणारे अडले की आधी अर्बन डिक्शनरीच उघडतात. 1999 मध्ये ॲरन पेकम या कॉलेज विद्यार्थ्याने सुरू केलेलं, इंग्रजी बोलीतल्या शब्दांचे अर्थ देणारं हे संकेतस्थळ फुकट आहे. कुणीही नोंद टाकावी, बाकीच्यांनी मत द्यावं, असा मामला. गोम इथेच आहे. मत विनोदालाही पडतं, त्यामुळे वर तरंगणारी नोंद चुरचुरीत असते, बरोबर असेलच असं नाही.

एक साधा शब्द धरून त्याचं अख्खं गोत शोधायला बसलं की ही उणीव चांगलीच बोचते. 'फिश' घ्या. कॅटफिशिंग म्हणजे खोटी ओळख घेऊन एखाद्याला ऑनलाइन नादी लावणं. 2010 च्या 'कॅटफिश' या अमेरिकी माहितीपटामुळे हा अर्थ सर्वतोमुखी झाला, 2012 मध्ये त्याच नावाची मालिका एमटीव्हीवर आली आणि 2014 मध्ये मेरियम-वेब्स्टरने तो कोशात घेतला. मग 'फिशिंग' हा शेपटीसारखा तुकडाच सुटा झाला. ओळख खरी पण फोटो जुना आणि उंची वाढवलेली, तर किटनफिशिंग. गोऱ्या इन्फ्लुएन्सरने मेकअप करून कृष्णवर्णीय असल्याचं भासवणं ते ब्लॅकफिशिंग, हे 2018 चं. लाईक आणि सहानुभूतीसाठी दुःख चढवून सांगणं ते सॅडफिशिंग, हे 2019 चं. या शेवटच्यात खोट्या ओळखीचा भाग नसतो. तिथे स्तुतीसाठी गळ टाकण्याचा जुना इंग्रजी वाक्प्रचारच डोकावतो, म्हणून मराठीत त्याला सरळ 'फसवणूक' म्हटलं की वाक्य पडतं.

असे बारकावे अर्बन डिक्शनरीवर क्वचितच सापडतात. जे सापडतं ते वेगळंच आणि मोलाचं आहे: प्रत्येक नोंदीखालची तारीख. मजकूर ज्या वर्षाचा, त्याच्या आसपासच्या नोंदी वाचा, अगदी वरची सोडून द्या. 2010 च्या आधीच्या लिखाणात 'कॅटफिश' भेटला तर डेटिंगचा अर्थ गृहीत धरू नका. उदाहरणादाखल दिलेली वाक्यं बहुतेकदा नोंद करणाऱ्यानेच रचलेली असतात. शब्द खरंच वापरात आहे याचा पुरावा म्हणून ती चालत नाहीत. व्युत्पत्तीवर तर भिस्त नकोच. कॉड माशांच्या टाकीत कॅटफिश सोडत, म्हणजे ते चपळ राहत, ही कथा शब्दाचा इतिहास म्हणून सांगितली जाते. ती त्या माहितीपटात एकाने सांगितलेली गोष्ट आहे.

गोत गोळा करायला वनलुक हे अनेक कोशांत एकदम शोधणारं संकेतस्थळ बरं. शोधचौकटीत आधी तारांकन, मग लगेच रोमन लिपीत 'फिशिंग' टाका. ते शेपूट असलेले शब्द एकत्र येतात. यादीत खऱ्याखुऱ्या मासेमारीचेही शब्द येतात, ते हाताने गाळा. मग विक्शनरी या खुल्या ऑनलाइन कोशात मूळ शब्दाच्या पानावर साधित शब्दांचा भाग पाहा. उरलेला प्रत्येक शब्द दोन वेगवेगळ्या ठिकाणी, अर्थ न समजावता वापरलेला सापडला तरच ठेवा. ही चाळणी लावली की कुणीतरी दुपारी बसून जुळवलेले जोडशब्द आपोआप गळतात.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी एक खास खड्डा आहे. पासवर्ड लुबाडण्याचं फिशिंग आणि मासे पकडण्याचं फिशिंग आपल्याकडे एकसारखंच लिहिलं जातं. पहिलं 'पीएच'ने सुरू होतं, 1990 च्या दशकात एओएल या अमेरिकी इंटरनेट सेवेच्या वापरकर्त्यांना गंडवण्यावरून रूढ झालं आणि ते 'पीएच' फोन-हॅकरांच्या 'फ्रीकिंग'मधून आलं. स्पेलिंग चुकलं की शोध भलत्याच पानांवर जातो.

जुन्या बोलीसाठी अर्बन डिक्शनरी लंगडी पडते. पोकरच्या टेबलावरचा कच्चा गडी म्हणजे 'फिश', तुरुंगात नवा आलेला कैदी म्हणजेही 'फिश'. असल्या अर्थांना जोनाथन ग्रीनचा स्लँगकोश हवा. तो 2010 मध्ये तीन खंडांत छापला गेला आणि 2016 पासून ऑनलाइन आहे. तिथली अवतरणं तारीखवार असतात, रचलेली नसतात.

शाळकरी मुलांच्या हाती अर्बन डिक्शनरी देऊ नका, निरुपद्रवी शब्दाखालीही अश्लील नोंदी असतात. पाचपैकी अडीच तारे, त्यातले दोन निव्वळ तारखांसाठी.