संसद टीव्ही : प्रश्नोत्तराच्या तासासाठी आवर्जून पाहावी अशी वाहिनी
लोकसभा टीव्ही आणि राज्यसभा टीव्ही यांच्या विलीनीकरणातून २०२१ मध्ये सुरू झालेल्या या वाहिनीचे खरे मोल अधिवेशनकाळात सकाळी अकरा वाजता कळते. लोकसभेच्या प्रश्नोत्तराच्या तासात तारांकित प्रश्नाचे (म्हणजे ज्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते अशा प्रश्नाचे) लेखी उत्तर पटलावर ठेवून मंत्री मोकळे होत नाहीत. लगेच पूरक प्रश्न येतात आणि खात्याचा अभ्यास किती पक्का आहे, हे सर्वांसमक्ष दिसते. राज्यसभेत हाच तास दुपारी बारा वाजता असतो. बातम्यांत गदारोळाची दोन मिनिटे दिसतात, येथे मात्र विधेयकावरील कलमवार मतदानही सलग पाहता येते. विधेयकांची बारकाईने छाननी करणाऱ्या स्थायी समित्यांच्या बैठका नियमानुसार बंद दाराआड होत असल्याने त्या प्रक्षेपित होत नाहीत, ही उणीव मला फार जाणवते.